आपोआप पडणारा माणूस

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी बोईसरमधल्या एका कराटे क्लासची पायरी चढले, तेव्हा तिथल्या सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "मुलगा कितवीत आहे?"

"मुलगा नाही. मीच शिकायला आलेय."

सर हसले. "मॅडम, झुंबा शेजारच्या हॉलमध्ये असतं. सोमवार, बुधवार."

"पाटी वाचता येते मला," मी म्हटलं. "कराटेच शिकायचंय."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर 'पालकाची सही' असा रकाना होता. मी तिथे माझीच सही केली, जरा दाबूनच. कागद फाटला.

मी मूळची सांगलीकडची. लग्नानंतर इकडे आले, सालवडला राहते आणि एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. नमुना तपासायचा, आलेला आकडा लिहायचा आणि तो बसत नसेल तर माल अडवायचा. प्रॉडक्शनवाले आरडाओरडा करतात, पण माझी सही नसेल तर गाडी गेटबाहेर जात नाही. कंपनीत मला लोक थोडे दबकूनच असतात.

आणि हीच मी, एका संध्याकाळी शेअर रिक्षात शेजारच्या माणसाचा हात माझ्या मांडीवर आला तेव्हा गप्प बसले. हात चुकून आला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी रिक्षा थांबवली, घर अजून लांब असताना उतरले आणि चालत आले. घरी कोणाला काही बोलले नाही. त्या माणसाचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग मला माझ्या पायांचा आला. आपण का उतरलो? उतरायला त्याला का नाही सांगितलं? आठवडाभर तो राग जिरेना, तेव्हा मी क्लासला गेले.

बायकांची बॅच मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी असायची. आम्ही सातजणी होतो. पहिले पंधरा दिवस मला जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. गुडघे वाकवून, पाय फाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं आणि हवेत ठोसे मारायचे. मांड्या थरथरायच्या. घाम डोळ्यांत जायचा. लॅबमध्ये पिपेट धरलेला हात कापायचा आणि मला त्याचं हसू यायचं. खरं सांगते, ते दिवस मला फार आवडले. आपल्याला शरीर आहे आणि ते स्वयंपाक करणं, बसणं, झोपणं यापलीकडेही काही करू शकतं, हे मी विसरूनच गेले होते.

माझी जोडीदार होती इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूर गावची एक मासेवाली. वयाने माझ्याएवढीच. सकाळी बाजारात मासळी विकायची, दुपारी घरी जाऊन आंघोळ करायची आणि रिक्षाने परत क्लासला यायची. तिची मुलगी कॉलेजात जायला लागली होती. "पोरीला शिकवायच्या आधी आपन शिकाया पायजे," असं तिचं म्हणणं. तिचे खांदे असे होते, की तिने ठोसा अडवला की माझा हात कोपरापर्यंत झिणझिणायचा. ती मला 'बाय' म्हणायची आणि मी तिला 'ताई'.

तीन महिने गेले. आम्ही हवेतच ठोसे मारत होतो. मुलांच्या बॅचमध्ये दहा-दहा वर्षांची पोरं एकमेकांना पाडत होती, ओढत होती, रडत होती, परत उठत होती. आमच्या बॅचला सर म्हणायचे, "लेडीज, हलकं हलकं. हाताला लागेल. घरी जाऊन पोळ्या लाटायच्यात."

एकदा मी विचारलं, "सर, समोरच्याने खरंच हात धरला तर काय करायचं?"

"ते पुढच्या लेव्हलला."

"पुढची लेव्हल कधी?"

"मॅडम, तुम्हाला एवढं जमलं तरी पुष्कळ आहे."

पुष्कळ! त्या दिवशी घरी जाऊन मी खरोखरच पोळ्या लाटल्या, आणि त्या सगळ्या वाकड्या झाल्या.

फेब्रुवारी संपता संपता सरांनी आम्हाला गोल करून बसवलं. पालघरला महिला दिनाचा मोठा कार्यक्रम होणार होता. पाहुणे येणार होते, शाळांच्या मुली येणार होत्या. आपल्या क्लासला स्वसंरक्षणाच्या प्रात्यक्षिकासाठी बोलावणं आलं होतं. पाच मिनिटं मिळणार होती.

"आम्हाला तर काहीच येत नाही," मी म्हटलं.

"दोन दिवसांत येईल," सर म्हणाले आणि त्यांनी त्यांच्या सहायकाला पुढे बोलावलं. हे सहायक उत्तर प्रदेशचे, एका कंपनीत मशीन चालवायचे. काळा पट्टा मिळवलेले, शांत गृहस्थ. आम्ही त्यांना भैया म्हणायचो. सरांनी सांगितलं, की भैया मागून येऊन मनगट पकडतील, बाईने हात फिरवायचा आणि जोरात ओरडायचं. भैया गिरकी घेऊन पडतील.

मासेवाल्या ताईने लगेच विचारलं, "तो आपनच पडनार हाय, तर मंग मी काय केला?"

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. "लोकांना बघायला छान वाटतं. मुलींना आत्मविश्वास येतो."

तालमीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्टेजवर जाणाऱ्या चौघींची नावं सांगितली. ताईचं नाव नव्हतं. आमच्यात सगळ्यात ताकद तिच्या अंगात होती, सगळ्यात नेमाने ती यायची. मी सरांना बाजूला घेऊन कारण विचारलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पाहुणे अगदी जवळ बसतात. जरा वास... तुम्ही समजून घ्या."

आवाज खाली आणला तरी रिकाम्या होत आलेल्या हॉलमध्ये तो घुमला. ताईने ऐकलं. तिने पट्टा सोडला, घडी करून पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "तू जा बाय. मना काय नाय वाटला." आणि ती जिना उतरून गेली.

मी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, की मग मीही येत नाही. आज लिहितानाही कानशिलं तापतात. मी म्हटलं नाही. नवऱ्याला सांगून झालं होतं, लॅबमधल्या मुली बघायला येणार होत्या, आणि माझ्या मनात कुठेतरी स्टेजवर जायची हौसही होती. मी गेले.

पालघरच्या त्या हॉलमध्ये पंखे जोरात फिरत होते आणि तरीही उकडत होतं. पुढे सोफ्यांवर पाहुणे, मागे खुर्च्यांवर शाळांच्या मुली. डोंगराकडच्या एका आश्रमशाळेच्या मुली पहाटे निघून, बसने आणलेल्या. दोन वेण्या, लाल रिबिनी. भाषणं लांबली. आमची पाळी आली तेव्हा त्या मुली भुकेने पेंगुळल्या होत्या.

भैयांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे काय, बोटं नुसती टेकवली. मी हात फिरवला, ओरडले, आणि ऐंशी किलोचा माणूस हवेत गिरकी घेऊन गादीवर धाडकन आदळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक पाहुणे तर उभे राहिले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "पाहिलंत मुलींनो? इतकं सोपं आहे!"

इतकं सोपं. माझ्या लॅबमध्ये कोणी नमुना न तपासता रिपोर्टवर 'पास' लिहिलं असतं, तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. इथे मी स्वतः तेच करून, हसत, वाकून नमस्कार करत होते.

कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या रांगेत आश्रमशाळेतली एक मुलगी माझ्याजवळ आली. आठवीतली असावी. काटकुळी, डोळे मात्र धीट.

"मॅडम, तो हात कसा सोडवला, परत दाखवा ना."

"अगं, ते..."

मी पुढे बोलायच्या आत तिने माझं मनगट धरलं. मी असा हात आजवर अनुभवला नव्हता. शेतात लावणी करणारे, लाकडाची मोळी आवळणारे ते हात होते. मी स्टेजवर केलं तसं मनगट फिरवलं. काही झालं नाही. ओढून पाहिलं. तिची बोटं तसूभर हलली नाहीत. ती वाट बघत होती. आता काहीतरी होईल, अशा नजरेने माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सोड," मी म्हटलं. तिने लगेच सोडलं. "मला येत नाही. ते खोटं होतं. ते गृहस्थ आपणहून पडले."

सर मागेच उभे होते. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. हा मात्र त्यांनी खराच धरला होता. "काय बोलता तुम्ही मॅडम? क्लासची बदनामी करता?"

"तीन महिने तुम्ही मला काय शिकवलंत ते सांगा. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातातून मला माझा हात सोडवता आला नाही. उद्या त्या मुलीचा हात कोणी धरला, तिने मी दाखवलं तसं केलं आणि समोरचा पडला नाही, तर? आणि माझा दंड आधी सोडा."

त्यांनी सोडला. आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. "बायकांना डोक्यावर बसवलं की असं होतं," असं काहीतरी पुटपुटत ते पाहुण्यांकडे गेले. त्या दिवशी मी सरांच्या गाडीत बसले नाही, एसटीने परत आले. दुसऱ्या दिवशी फोनवर निरोप मिळाला, की माझं क्लासमधलं नाव कमी केलं आहे.

मी नवापूरला ताईच्या घरी गेले. झालेलं सगळं सांगितलं, आणि मी स्टेजवर गेले याची माफी मागितली. ती सुके बोंबील निवडत होती. तिने हातातला बोंबील टोपलीत टाकला. मग म्हणाली, "राग आलेला मना. लय आलेला. तू तवाच बोलाया पायजे होतास." तिने चहा ठेवला. चहा होईपर्यंत दोघींनी मिळून ठरवलं, की भैयांना गाठायचं.

भैया त्यांच्या कंपनीच्या गेटवर भेटले. शिफ्ट सुटली होती. आम्हाला बघून ओशाळले. "मुझे भी अच्छा नहीं लगता था, मैडम," ते म्हणाले. "बीस साल सीखा, और गिरने का काम करता था." आठवडाभराने त्यांनीही तो क्लास सोडला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नवापूरच्या किनाऱ्यावर आम्ही शिकतो. आधी आम्ही दोघीच होतो, आता नऊजणी आहोत. ताईची मुलगीही येते. भैयांनी पहिल्याच दिवशी माझं मनगट असं आवळलं, की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दाखवलं, की हात मागे ओढायचा नाही, उलट समोरच्याकडे एक पाऊल पुढे टाकायचं, कोपर त्याच्या अंगाकडे न्यायचं आणि जिथे त्याचा अंगठा असतो त्या फटीतून मनगट बाहेर काढायचं. मला जमायला दीड महिना लागला. ताईला दोन रविवार पुरले. आणि सुटलो की पळायचं, हे भैया दर वेळी सांगतात. पळण्यात लाज नाही.

हात सुटायला लागला, तसा मला त्या आश्रमशाळेचा ध्यास लागला. मी मुख्याध्यापिकांना फोन केला. त्या म्हणाल्या, "प्रशिक्षण झालंय ना मॅडम. अहवाल वर गेलाय." त्यांनी कौतुकाने मला तो पाठवलाही. फोटोत मी होते, हात वर, आणि भैया हवेत. खाली ओळ होती: 'विद्यार्थिनींना स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण देण्यात आले.' ती ओळ वाचून मी इतकी संतापले, की लॅबमधून बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. मग अर्ज केला. उत्तर आलं नाही. परत केला. शाळा सुरू झाल्यावर स्वतः जाऊन बसले. अखेर एका शनिवारी दोन तास मिळाले.

मी, ताई आणि भैया गेलो. पटांगणात मुली रांगेत बसल्या होत्या. मी उभी राहून सांगितलं, की मार्चमध्ये तुम्ही पालघरला जे पाहिलंत ते नाटक होतं आणि त्याबद्दल मला माफ करा.

कोणाला धक्का बसलेला दिसला नाही. रांगेत खुसुखुसू हसणं पसरलं. ती मनगट धरणारी मुलगी दुसऱ्या रांगेत होती. ती उभी राहिली. "आमाला ठाऊक होता मॅडम. बसमदी आमी सगल्या त्या बाबासारख्या पडत होतो."

"मग टाळ्या कशाला वाजवल्यात?"

"वाजवा म्हनून सांगितला होता."

मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. ताईने पदर खोचला, त्या मुलीपुढे जाऊन हात पुढे केला आणि म्हणाली, "धर. जोरात धर. सोडू नको, मीच सोडवनार."

दोन तासांत आम्ही एकच गोष्ट शिकवली. चाळीसपैकी निम्म्या मुलींना ती जमली, बाकीच्यांना नाही, आणि ज्यांना जमली नाही त्यांना आम्ही तसं सांगितलं. निघताना मुख्याध्यापिकांनी मोबाइल काढला. "सगळ्या मुठी वर करा गं, फोटो घेते."

"फोटो घ्या," मी म्हटलं, "पण खाली काय लिहिणार, ते आधी मला वाचून दाखवा."