मुक्कामी मॅडम

रविवारी आईकडे नागपूरला, प्रताप नगरात होते. खालच्या मजल्यावर कुणीतरी तापलेल्या तेलात लाल मिरची सोडली आणि जिन्यातून तिचा ठसका वर आला. आजूबाजूच्या खिडक्या धडाधड लागल्या. आई पदर नाकाला लावून उठली आणि आमचीही खिडकी लावून आली. मी होते तिथेच बसून राहिले. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "आता तर तुले खोकलाही येत नाही. पुरी तिकडचीच झाली तू." त्यात कौतुक नव्हतं. बदलीचे अर्ज सुरू झाले आहेत आणि मी यंदाही अर्ज केलेला नाही, हे तिला त्याच सकाळी कळलं होतं.

भिवापूरच्या शाळेत रुजू होऊन मला आता काही वर्षं झाली. मिरचीसाठी नावाजलेलं, तालुक्याचं गाव. अशा गावांत एक रीत रुळलेली असते. तिथे नोकरी करणारे तिथे राहत नाहीत. शाळा, तहसील, बँक, दवाखाना, सगळीकडची माणसं सकाळच्या गाडीने नागपुरातून येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. याला अपडाऊन म्हणतात, आणि शेवटच्या तासाला फळ्यापेक्षा घड्याळाकडे जास्त बघणं हा त्याचाच भाग. मला ते करायचं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील कोराडीच्या वीज केंद्रात कोळशावर कंत्राटी मजूर होते. तिथल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई शाळेजवळच राहायच्या, आणि अडलेलं गणित घेऊन आम्ही संध्याकाळी त्यांचं दार वाजवायचो. माझी पदवी बरीचशी त्या संध्याकाळींची आहे. म्हणून नोकरी लागली तेव्हा ठरवून टाकलं, जिथे शिकवायचं तिथेच राहायचं. नागपुरात बसून हे ठरवणं फार सोपं होतं.

गावाला ते पचलं नाही. अपडाऊन करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, राहणाऱ्याला सगळे सगळं विचारतात. लग्न का नाही केलं, शिक्षा म्हणून पाठवलं का, भावाशी भांडण आहे का. किराणा दुकानात माझं नाव पडलं, मुक्कामी मॅडम. रात्री गावात थांबणाऱ्या एसटीला मुक्कामी गाडी म्हणतात, आणि ती सकाळी निघून जाते, हेही त्या नावात आलंच. शाळेतले एक सर तर तोंडावर म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथं राहून राहिल्या, अन् त्याच्यानं आम्ही वाईट दिसून राहिलो." ते हसले. मला हसू आलं नाही. त्या सकाळी नळ आला नव्हता आणि मी केस न धुता शाळेत आले होते.

मग हिवाळा लागला आणि मिरची आली. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लाल ढीग पडतात, बाया रांगेने बसून दिवसभर देठ तोडतात, आणि त्या जागेला सातरा म्हणतात. दुरून तो फार देखणा दिसतो. फोटो काढणाऱ्यांनी त्याच्या वाऱ्याच्या दिशेला एक खोली भाड्याने घेऊन बघावी. दोरीवरचे कपडे अंगाला चावतात, उशीला तिखट लागतं, डोळे चोळायची सोय नाही. मी दार-खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून बसायचे. आणि वाट बघायचे. दहावीच्या मुलींना सांगितलं होतं, विज्ञान अडलं तर संध्याकाळी माझ्याकडे या. त्यात एकीची मी विशेष वाट बघत होते. तिची आई सातऱ्यावर कामाला. भिंगातून किरण कसा वळेल हे ती आकृती काढायच्या आधीच सांगायची, आकडेमोडीत मात्र अडकायची. तिने अकरावीला विज्ञान घ्यावं, असं मला फार वाटत होतं. कुणी आलं नाही. आठवड्यामागून आठवडे मी त्या कोंदट खोलीत चिडून बसले. हातचं राखून न ठेवता शिकवायला बसलेल्या माणसाकडे चार पावलं चालून येववत नाही, असलं कसलं हे गाव.

एक दिवस घरमालकीण काकूंनी खांद्याने दार ढकललं. हातात वांग्याच्या भाजीची वाटी. आत येऊन त्यांनी फटींतली फडकी न्याहाळली. "मॅडम, तुमच्याकडे कोणी मेलं-बिलं का?"

"नाही. काहून?"

"दिवसाढवळ्या दार लावून बसता, म्हणून इचारलं. पोरी येतेत, दार पायतेत अन् वापस जातेत."

"वाजवायचं ना मग."

"मी म्हणलं त्याहीले, वाजवा वं. तर म्हणे, मॅडम झोपल्या असतीन, राग येईन."

"अन् तुम्ही मला आज सांगता?"

"मले वाटलं तुमालेच नको असन. शहरातले दार लावतेतच."

या गावात दार कुणी वाजवतच नाही. उघडं असेल तर सरळ आत यायचं, दिवसा बंद असेल तर घरात आजार, भांडण नाहीतर सुतक आहे असं समजून मागे फिरायचं. कोराडीला वीज केंद्राच्या राखेपायी प्रत्येक दार बंदच असायचं. तिथे वाजवणं हाच शिष्टाचार. दोन गावांच्या धुळीने मला असं अडकवलं होतं.

त्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. मुली आल्या, आणि त्यांच्यासोबत बाकीचं गावही आलं. शेजारच्या कोंबड्या आल्या. विजेचं बिल वाचून घ्यायला आजोबा आले. माझ्यासाठी स्थळं आली. दुपारी काकू माझ्या पंख्याखाली आडव्या व्हायला लागल्या. खेड्यातल्या शांततेबद्दल आपण कायकाय वाचलेलं असतं. मला तिथे एक ताट निवांत जेवता आलेलं नाही. त्या हिवाळ्यात खोकून खोकून माझ्या बरगड्या दुखल्या.

ती मुलगीही येऊ लागली. सुटीच्या दिवशी आईसोबत देठ तोडून यायची, तेव्हा बोटांची आग होऊ नये म्हणून तेल चोळलेलं असायचं आणि तिच्या हातात पेन सटकायचं. निकाल लागल्यावर तिची आई स्वतः आली. आत न येता उंबऱ्याशी टेकली.

"मॅडम, तुम्ही हिले सायन्स घ्याले लावून राहिल्या. उद्या तुम्ही नागपूरले गेल्या, तं हिनं कोनाले इचारायचं?"

"मी नाही जात."

"सगळेच असं म्हणतेत," ती म्हणाली. पण मुलीने विज्ञान घेतलं.

माझ्या त्या तीन शब्दांवर मग वर्षं गेली. आई दर उन्हाळ्यात बदलीचं काढायची आणि मी दर वेळी म्हणायचे, मी शब्द दिला आहे. मुलगी बारावी झाली. नागपूरच्या कॉलेजात गेली आणि अपडाऊन करू लागली. शिक्षक ज्या गाडीने गावात उतरतात, त्याच सुमाराच्या गाडीने ती बाहेर पडायची.

आईकडून मी सोमवारी सकाळी परतले तेव्हा ती स्टँडवर भेटली. सोबत मोठी बॅग होती.

"मले होस्टेल भेटलं मॅडम. आता अपडाऊन बंद."

मी बरं म्हणाले. नीट जेवत जा म्हणाले. गाडीत चढता चढता ती वळली. "आता तुम्ही पण बदली मागा ना मॅडम. आमच्यासाठी काहून अडकून राहता?"

ती प्रेमाने म्हणाली, हे मला कळतं. तरी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ती बाहेर पडावी म्हणूनच तर मी इथे आले होते. तिने मला माझ्या शब्दातून मोकळं केलं, माझ्या आईला हवं होतं तसंच. मी कुणासाठी तरी राहते असं इतकी वर्षं सांगत आले, आणि ते कारण खिडकीजवळची जागा धरून निघून गेलं. अर्जाची मुदत अजून आहे. पुढची गाडी लागतच होती, कंडक्टर नागपूर, नागपूर ओरडत होता. शाळेला उशीर होत होता म्हणून मी झपझप चालू लागले.