कानवाल्या बाई आणि त्यांची लेक

दवाखान्यात त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणत. कान तपासायच्या त्या एवढ्याशा खोलीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. काचेपलीकडच्या बंद कोठडीत माणूस हेडफोन लावून बसायचा, बाई अलीकडून यंत्राचं बटण दाबून बारीक-जाड सूर सोडायच्या. ऐकू आलं की त्याने हातातली कळ दाबायची, मग यंत्रावर दिवा लागायचा. सोंग करणारा बाईंना बसल्या जागी ओळखू यायचा. नोकरीसाठी ऐकू येतंय म्हणणारे बहिरे, भरपाईसाठी बहिरे झालेले धडधाकट, सगळ्यांना त्या पुरून उरल्या होत्या.

अलीकडे मात्र पोरंच फार यायला लागली होती. मिसरूड फुटायच्या आत यांच्या कानात शिट्ट्या! बाई त्यांना फैलावर घेत. स्पीकरला चिकटून नाचता, दिवसभर कानात ते इअरफोन खुपसून बसता, मग दुसरं काय होणार? गेलेला कान परत येत नाही, शिट्ट्याही थांबत नाहीत, असं त्या तोंडावर सांगत. आईबापांना वाईट वाटेल म्हणून कधी गुळमुळीत बोलल्या नाहीत. आपली लेक तसली नाही, हे सांगताना तर त्यांचा आवाज जरा चढायचाच. लेक नाचाच्या वर्गाला जायची, पण स्पीकरपासून लांब उभी राहायची, कानात बोळे घालायची. तसा शब्दच दिला होता तिने. बाई तिला अधूनमधून तपासत आणि निकाल दर वेळी लख्ख येई.

त्या दुपारी दवाखाना रिकामा होता. बाईंनी लेकीला कोठडीत बसवलं. इतरांना त्या काचेकडे पाठ करून बसवत, यंत्रावरचा हात दिसू नये म्हणून. लेकीला आणि नवऱ्याला मात्र समोरासमोर. पोरीचा चेहरा बघायला त्यांना आवडायचं, त्यात काय एवढं? एकेक सूर सोडला, दिवा झटकन लागत गेला. बाई खुशीत होत्या. तेवढ्यात पायाला काही लागलं म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, तर हेडफोनची वायर. सकाळी पुसायला काढली होती आणि परत जोडायचीच राहिली होती.

हेडफोनमधून काहीच जात नव्हतं, आणि पोरगी कळ दाबत होती.

बाईंनी मुद्दाम पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला. काचेपलीकडून लेक गोड हसली.

वायर जोडून त्या आत गेल्या आणि त्यांनी लेकीची खुर्ची फिरवली. जाड सूर तिने पकडले. बारीक सुरांना दिवा लागेना. आवाज वाढवला, आणखी वाढवला, तेव्हा कुठे चाचरत लागला. दोन्ही कानांची तीच गत.

बाहेर आल्यावर पोरीने सगळं कबूल केलं. पहिल्या रांगेत घेतल्यापासून ती स्पीकरच्या पुढ्यातच नाचत होती. बोळे घातले की ताल चुकतो, म्हणून ते पिशवीतच राहत. आईला कळलं तर नाच बंद होईल, म्हणून ही युक्ती. बाबांना सगळं माहीत होतं. किंबहुना युक्ती त्यांचीच. एकदा बायकोकडून स्वतःचे कान तपासून घेताना तिचं बोट समोर दिसतं हे त्यांनी हेरलं होतं, आणि गंमत म्हणून लेकीला सांगितलं होतं.

जगाच्या लबाड्या पकडणारी बाई, आणि घरची दोन माणसं तिच्या डोळ्यांत धूळ फेकत होती. कान गेल्याचं दुःख तर होतंच, पण त्याच्याही आधी अपमानाने त्या पेटल्या.

"हसत होतात ना दोघं मला?"

लेकीने नजर चुकवली. म्हणजे हसत होते.

"फसवायला मीच सापडले तुला?"

पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला. "आई, कानात सारखं किणकिणतं. झोपच लागत नाही. हे थांबेल ना गं?"

बाईंना याचं उत्तर तोंडपाठ होतं. दुसऱ्यांच्या पोरांना त्यांनी ते याच खोलीत, डोळ्याला डोळा भिडवून दिलं होतं. आत्ताही त्यांनी त्यासाठीच तोंड उघडलं.

"थांबेल," त्या म्हणाल्या.

पोरीने लगेच विश्वास ठेवला. ओढणीने नाक पुसलं, मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "मग उद्या नाचाला जाऊ ना?"