भरली नाय, सुजली

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत आशाताईचं काम करणारी मावशी घरात शिरली, की आधी तिचा अंगठा पुढं यायचा. गरोदर बाईसमोर बसकण मारायची, तिच्या नडगीवर अंगठा दाबायची आणि उचलून सूज आहे का ते निरखायची. "खड्डा नाय पडला. आता चहा टाक."

तपासणीच्या तारखेला मात्र महाहट्टी! घरात लग्न असो की मयत, दिवस चुकला की बाई दारात हजर. "बीपी काय तुला सांगून वाढतं का गं?" आम्ही तिची यथेच्छ टिंगल करायचो. तिला ढिम्म फरक पडत नसे.

माझी वहिनी सहा महिने तिच्या तावडीत होती. सगळ्या तपासण्या वेळेवर. सातव्यात रीतीप्रमाणे ती अजिंठ्याजवळ माहेरी गेली आणि तिथंच घोळ झाला. आम्हाला वाटलं, तिकडं दाखवत असतील. तिकडच्यांना वाटलं, शहरात सगळं झालंय, आता थेट बाळंतपणालाच दवाखाना. दोन महिने तिच्या दंडाला बीपीचा पट्टा कुणी बांधलाच नाही.

नवव्यात तिचं डोहाळजेवण झालं, मोबाइलवर फोटो आला. गाल कसे गोल! "काय भरलीस गं वहिनी," मी लगेच लिहिलं आणि कौतुकानं फोटो मावशीला दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा केला.

"ही भरली नाय, सुजली. फोन लाव."

वहिनीची आई फोनवर म्हणाली, "पहिलटकरीण हाय, सूज येणारच. लई तेज आलंय पोरीला, नजर नका लावू."

"अक्का, डोकं दुखतंय का, एवढं तरी विचारा," मावशी गयावया करत होती.

दुखत होतं. "पण उद्या अमावस्या हाय, परवा नेतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सासूशी वाद नको म्हणून दादाही गप्प बसला. मला अजून त्याचा राग येतो, स्वतःचाही येतो.

दुसऱ्या दिवशी मावशी पहिल्या एसटीनं गेली. ती पोचली तेव्हा वहिनीला झटके येत होते. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन मावशी सारखी म्हणत होती, "आलं बाई, हर्सूल आलं." शहराच्या वेशीवरचं हर्सूल आलं तोवर वहिनी गेली होती. बाळही.

दहाव्याला वहिनीच्या आईनं सगळ्यांदेखत मावशीला विचारलं, "तुम्हाला कळत व्हतं, तर ओढून का नाय नेलं माझ्या लेकीला?"

मावशी खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं, अक्का."

थोड्याच दिवसांत तिनं काम सोडलं आणि लेकीकडं निघून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं, हे दहाव्याला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीच तोंड उघडलं नाही. मीही नाही.