दातांच्या पावडरीने घासलेलं नाणं

आमच्या दुकानात नाण्यांची यादी करणारी जी आहे, तिनं मला सांभाळून घेतलं. हे आधी सांगते, मग काय झालं ते. ती इथे एडिनबरातच जन्मलेली, आईवडील नागपूरचे. मी साताऱ्याकडची, सातवीत शाळा सोडलेली. जुन्या नाण्यांच्या त्या दुकानात झाडलोट करायला आणि पार्सलं बांधायला लागून मला तीन आठवडे झाले होते. नोकरी जाईल ही धास्ती रोज बसमध्ये माझ्याबरोबर चढायची.

एकदा जुन्या जर्मन राज्यांची चिल्लर आली. करंगळीच्या नखाएवढी, माशाच्या खवल्यासारखी हलकी, काळपट. चांदीची आहे असं कानावर आलं. घरी दिवाळीआधी आम्ही चांदीची निरांजनं दातांच्या पावडरीने घासतो. जेवल्यावर दात घासायला ती डबी माझ्या पिशवीत असतेच. म्हटलं, मालक खूश होतील. एक नाणं घासलं. काळं गेलं, मागोमाग चांदीही गेली. खाली लाल तांबं.

तिनं पाहिलं. "मावशी, तुम्ही हे नाणी घासली?"

मी ते नाणं तिच्यापुढे धरलं.

"आतमध्ये सगळा कॉपर आहे. चांदी थोडासाच, तो पण वरती. तुम्ही चारशे वर्षांचा मेकअप काढला."

मला रडू आवरेना. तेवढ्यात मालक आले. मी काही बोलायच्या आत तीच त्यांना इंग्रजीत म्हणाली, "हिला मी सांगितलंच नव्हतं, चूक माझी." मालकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, नुसतं 'हं' केलं, आणि ते नाणं विकायच्या ट्रेमधून काढून तिच्या टेबलावर ठेवलं. नव्या माणसाला दाखवायला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला भिंग दिलं. नाणं कडेनं धरायचं, झिजलेली अक्षरं उजेड तिरका पाडून वाचायची. एका नाण्यावर गरुड होता, त्याची पिसंसुद्धा मोजता आली. ज्या पैशात कुणी मीठ नाहीतर पाव घेतला असेल, त्याच्यावर एवढं कोरीव काम! मी बघतच राहिले. आता लेबलं मीच लिहिते.

तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आई गेल्यापासून आईची पाककृतींची वही तिच्याकडे तशीच बंद आहे. माझी सातवी तेवढ्याला पुरेल. एक दिवस ती वही उघडून, पहिल्या पानापासून, मी तिला वाचायला शिकवीन.