शेंगाचटणीचा अबोला

तुर्कस्तानहून आल्यापासून नांदेडात जो भेटेल तो विचारून राहिलाय, "काय काय पाह्यलं?" अरे बाबा, पाह्यलं ते मोबाईलमध्ये हाय, बघ अन् दे परत! सांगण्यासारखं जे घडलं ते गाईडनं दाखवलेल्या जागी घडलंच न्हाई. कुठं गल्ली चुकली, कुठं बस बंद पडली, तिथंच सगळे किस्से. अन् एक सांगायला घेतला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतो.

मी रिटायर शिक्षक. आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, म्हणून एकटाच गेलो. सोबतीला माझे दोस्त, देगलूरचे बियाणेवाले बाबूराव, अन् त्यांच्या सिंधूवहिनी.

*

पहिल्याच दिवशी सगळा ग्रुप राजवाडा बघायला आत, अन् बाबूराव गायब! तासाभरानं आले ते गुळगुळीत दाढी करून. मागच्या गल्लीत न्हाव्याचं दुकान सापडलं म्हणे.

"काय माणूस हाय, गुरुजी! दाढी केली, मान मोडून दिली, वर चहा पाजला. मला राहवलं न्हाई. डबा देऊन टाकला त्याला."

"कोणता डबा?" वहिनी.

"चटणीचा."

वहिनींच्या लातूरच्या बहिणीनं उखळात कुटून दिलेली शेंगाचटणी! सगळ्या टूरची बेगमी! वहिनी लालबुंद. "भाऊजी, ऐकून ठेवा. आता यांना मी आपणहून हाक मारली तर नावाची सिंधू न्हाई!"

"मी बी मारत न्हाई," बाबूराव म्हणाले. झाला अबोला सुरू.

*

दुसऱ्या दिवशी बाबूरावांना तिथली भाषा यायला लागली. दुकानात साबण मागितला, तर दुकानदारानं साबणच दिला! तिकडंबी साबणाला साबून, चहाला चाय, हवेला हवा, दुकानाला दुक्कान.

"गुरुजी, गाईडला सुट्टी द्या! हे तर आपल्या देगलूरचं बोलून राहिलेत!"

*

पुढच्या मुक्कामी सगळे गच्चीवर, आकाशातले मोठाले फुगे बघत. वहिनी मात्र मागच्या गल्लीत, चुलीपुढं! तिथं दोन बायका बारीक लाटण्यानं रोट्या लाटत होत्या. वहिनींना ते बघवेना.

"बाई, लाटणं कशाला? हात हायेत की!" असं म्हणून गोळा घेतला, धपाधप थापला अन् तव्यावर टाकला. बायका टाळ्या पिटून हसायला लागल्या.

वासावर बाबूराव हजर. माझ्याकडं बघत म्हणाले, "गुरुजी, त्यांना म्हणावं, एक इकडं द्या."

वहिनी तव्याकडं बघत म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना म्हणावं, कशासोबत खाणार? चटणी तर न्हाई!"

*

मग एका खेड्याजवळ बस बंद पडली. मेकॅनिक आला, खाली शिरला, अन् हात पुसत बाहेर येऊन म्हणाला, "तमाम! तमाम!"

"ऐकलं का?" बाबूराव उठले. "काम तमाम! आता ही बस काही हलत न्हाई." अन् उतरून गेले चालत.

तिकडं तमाम म्हणजे 'झालं, ठीक हाय'! लगेच बस सुरू झाली. सगळे आत, बाबूराव न्हाईत. फोन सीटवर पडलेला.

वहिनींचा धीरच सुटला. "भाऊजी, डब्यापायी लई बोलले मी. परक्या मुलखात रागानं कुठं गेले हो!"

मी शेताकडं पळालो, वहिनी गावच्या चौकात. तिथं काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. रडणारी बाई बघून चहावाला बाहेर आला. त्यानं विचारलं, "इसिम? इसिम?"

"हाव, इसमच हरवलाय!" वहिनी म्हणाल्या.

मग त्यानं छातीवर हात ठेवून स्वतःचं नाव सांगितलं, अन् परत विचारलं, "इसिम?" आता वहिनींच्या ध्यानात आलं, हा नाव विचारून राहिलाय. पण नवऱ्याचं नाव? ते तर त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलं न्हाई! हळूच म्हणाल्या, "अहो."

मी शेतात होतो. गावच्या भोंग्यावरून खणखणीत आवाज आला, "अहो! अहो!" मग गल्लीगल्लीतून माणसं ओरडायला लागली, "अहोऽऽ! अहोऽऽ!"

मी धावत चौकात पोचलो, तोच पलीकडच्या गल्लीतून बाबूराव आले. गळ्यात न्हाव्याचा टॉवेल, अर्ध्या गालाला फेस!

"कोण हाय रे तो? मला 'अहो' म्हणणारा दुसरा कोण पैदा झाला?"

एवढ्यात त्यांना वहिनी दिसल्या. आवाज एकदम खाली आला. "तूच मारलीस ना हाक?"

वहिनींनी पदरानं आधी आपले डोळे पुसले, मग त्यांच्या गालावरचा फेस.

"मी कुठं? गावानं मारली!"