काळ्या मातीतलं घर

नोकरीसाठी निघाले तेव्हा आई एसटीच्या खिडकीशी उभी होती. गाडी हलली तरी सांगत होती, "घराकडची काळजी करू नको. आमी हाव की." अहमदपूरच्या पुढचं आमचं गाव, सगळी काळी जमीन. तिचं ते बोलणं मी फार सोयीने खरं धरलं.

थेरगावात मैत्रिणींबरोबर एक खोली, रोज कंपनीच्या बसने चाकण. कारखान्यांचा पाया कुठल्या मातीवर टिकेल, हे तपासायचं माझं काम. तपासता तपासता संशोधन विभागाची प्रमुख झाले. विषय काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं बांधकाम फोडते. त्यावर बोलायला परदेशातूनही बोलावणी आली. आईला फोनवर सांगितलं की म्हणायची, "आपल्या मातीचं बी काय शिकायचं आसतंय व्हय?" दोघी हसायचो.

मागच्या उन्हाळ्यात प्रयोगासाठी जागा बघायला आमची टीम आमच्या गावाच्या भागात गेली. दुपारी सगळ्यांना घरी जेवायला नेलं. माझे सहकारी सावंत हात धुवायला मोरीकडे गेले आणि तिथूनच ओरडले, "मॅडम, अहो, ही केस बघा!"

भिंतीला खालपासून वरपर्यंत तडा, हात जाईल एवढा. ते मोबाइलवर फोटो काढू लागले. आई चुलीपुढून उठली आणि पदराला हात पुसत त्या तड्याला पाठ लावून उभी राहिली.

"साहेब, तेवढं नका काढू. औंदा लिंपायचं ऱ्हायलंय."

सावंतांनी सरळ मनाने समजावलं, "मावशी, दोष तुमचा नाही, मातीचा आहे. मोरीचं पाणी लांब सोडायचं, भिंतीलगतची काळी माती काढून न फुगणारा मुरूम भरायचा. मॅडमनीच तर शिकवलंय आम्हाला."

आईने माझ्याकडे बघितलं. "तुला ठाव व्हतं का गं?"

मी होकारार्थी मान हलवली. दर दिवाळीला त्याच भिंतीला टेकून मी फराळ खाल्ला होता.  आईने सावंतांना आणखी एक भाकरी वाढली.

पाऊस यायच्या आत रजा टाकून गेले, माती उकरून मुरूम भरून घेतला. गवंड्यांना चहा देताना आई सांगायची, "माझी लेक लई मोठी साहेब हाय, चाकणला." मी घमेलं उचलून घरामागे जायचे.

गाव सोडलेल्यांनो, गावात राहिलेल्यांनो, थेरगावात पुढे घेतलेला माझा फ्लॅट चांगला आहे. तिथे मला कुणी काही विचारत नाही. घर मात्र मला तेच वाटतं, जिथे आईने रागवायला हवं होतं आणि ती रागावली नाही.