इनहेलरवरचा आकडा

लॅमिंग्टन रोडवरच्या औषधाच्या दुकानातला तो माणूस मला नवा इनहेलर देण्याआधी हात पुढे करतो. "सर, जुना दाखवा." जुन्याच्या पाठीवर उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा असतो. चष्मा कपाळावर सरकवून तो आकडा वाचतो आणि ठरलेलं ऐकवतो. "हा सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा आणि नंतर गुळण्या करायच्या. एकदम धाप लागली तर हा नाही, खिशातला दुसरा. हौदल्लरी?" त्या कानडी 'हौदल्लरी'ला, म्हणजे 'बरोबर ना?'ला, होय म्हटल्याशिवाय सुटका नसते.

मी होय म्हणतो आणि घरी जाऊन विसरतो.

गेल्या महिन्यात आकडा फारच मोठा उरला. बोलणी नकोत म्हणून मी गॅलरीत उभं राहून चौदा फवारे हवेत सोडले. चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण कॉपी पहिल्यांदाच केली.

त्यानं आकडा पाहिला. "बरोबर आहे, सर. मग माझ्या दोन पायऱ्या चढताना धाप कशी लागली?"

त्यानं स्टूल पुढे सरकवलं, मला खिशातला इनहेलर घ्यायला लावला आणि श्वास खाली बसेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही.

"उद्यापासून सकाळचा इथं येऊन घ्यायचा," तो म्हणाला. "संध्याकाळचा तुमच्यावर सोडतो."

आता रोज सकाळी तो शटर वर करतो आणि वळूनही न बघता विचारतो, "सर?"

मी फवारा ओढतो, गटारीपाशी जाऊन गुळण्या करतो आणि म्हणतो, "हजर."